इंग्रजीची उजळणी बाबासाहेबांच्या शब्दांतून

इंग्रजीतले अलंकार, शब्दांचे घटक आणि लेखनप्रकार नुसते पाठ करू नका, समजून घ्या.

सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा ‘वाऱ्यासारखा’ धावतो म्हटले की उपमा, म्हणजे सिमिली. इंग्रजीत ती ‘लाईक’ किंवा ‘ॲज’ने ओळखावी. ‘घोडा म्हणजे वाराच’ म्हटले की रूपक, म्हणजे मेटाफर. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या शीर्षकातला व्हिसाही रूपकच: आपल्याच देशात माणूस म्हणून वावरण्याचा परवाना.

आता ‘अनटचेबिलिटी’ फोडा. ‘अन’ हा नकाराचा उपसर्ग, ‘टच’ मूळ शब्द. ‘एबल’ आणि ‘इटी’ हे प्रत्यय. ‘एबल’ने विशेषण होते, ‘इटी’ने नाम. मूळ शब्द साधा स्पर्श; नकार बाहेरून जोडलेला.

लेखनप्रकार हेतूवरून कळतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आठवणी आहेत. 1936 चे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे होऊ न दिलेले भाषण वाद घालून पटवते. संविधानाचे अनुच्छेद 17 अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगते. तो कायदा आहे, विनंती नव्हे.

हा फरक ज्याला वाचता येतो, त्याला हक्क मागता येतो. जयभीम!