आसारी हातात, ड्रोन आभाळात

संक्रांतीला येवल्याच्या गच्चीवर आसारी धरून उभा असलेला पोरगा आणि निफाडच्या बांधावर टॅब धरून उभा असलेला ड्रोन पायलट, दोघांच्याही माना वर. फरक एवढाच, की मांजा कटला तर पतंग गेला. टॅब बंद पडला तर ड्रोन आपला आपण माघारी येतो.

खरंच येतो. टॅब म्हणजे ड्रोनचं स्टिअरिंग, असं आपल्याला उगाच वाटतं. तोल सांभाळणं, वाऱ्याशी झुंजणं, आखलेल्या वाटेवरून जाणं ही सगळी कामं ड्रोनच्या पोटातला छोटा कॉम्प्युटर करतो. टॅबवरचं ‘ग्राउंड कंट्रोल स्टेशन’ कुठे जायचं ते सांगतं आणि वर काय चाललंय ते दाखवतं, बस. दोघं साधारण सेकंदाला एकदा एकमेकांना ‘आहेस ना? आहे!’ करत राहतात. या निरोपाचं नाव ‘हार्टबीट’. टॅबकडचे ठोके थांबले, की ड्रोन उडालेल्या जागी परत फिरतो. अर्थात फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग, तशी लावून ठेवली असेल तर! ती न लावणारे महाभाग असतातच.

या गप्पांची भाषा म्हणजे मॅव्हलिंक. २००९ मध्ये ती आणली झुरिकच्या लॉरेन्झ मायर या विद्यार्थ्याने. क्यूग्राउंडकंट्रोल हे फुकटातलं सॉफ्टवेअरही त्याच्याच प्रकल्पातून निघालं आणि ते अँड्रॉइडवर चालतं. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या शाळेसाठी घेतलेला टॅब कपाटात पडून असेल, तर त्यावर टाकून बघायला हरकत नाही. त्यात एक गंमत आहे: उड्डाणासाठी नुसतं बटण दाबून भागत नाही, पडद्यावरची पट्टी बोटाने शेवटपर्यंत सरकवावी लागते. खिशातून चुकून कुणाला फोन लागला तर चालतं, चुकून पंखे फिरले तर नाही.

हातातल्या पडद्यावरून ड्रोन उडवायचं वेड घराघरांत नेलं ते पॅरट या फ्रेंच कंपनीने. २०१० मध्ये तिने आयफोनवर चालणारा एआर ड्रोन दाखवला. पण त्याच्या आदल्याच वर्षी ‘थ्री इडियट्स’मध्ये ड्रोन उडून गेला होता, आणि तो बनवला होता आयआयटी मुंबईच्या पोरांनी काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीने.

सगळ्यात लांबची गोष्ट मंगळाची. १९ एप्रिल २०२१ रोजी तिथे उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरात स्नॅपड्रॅगन ८०१ ही मोबाईलमधलीच चिप होती, आणि तीही जुनी, २०१४ च्या आसपासच्या फोनांतली. पृथ्वीवरून निरोप पोचायलाच काही मिनिटं लागतात, तिथे जॉयस्टिक काय कामाची? आधी बेत कळवायचा आणि वाट बघत बसायचं. अशी ७२ उड्डाणं झाली.

ड्रोनवाल्यांच्या तोंडी येणारं आणखी एक नाव म्हणजे रॉस. नावात ‘रोबॉट ऑपरेटिंग सिस्टिम’ असलं तरी ती ऑपरेटिंग सिस्टिम नाही. रोबोच्या कॅमेरा, मोटार, सेन्सर अशा भागांनी आपसांत बोलावं म्हणून केलेली ती सोय आहे. मॅव्हलिंक बोलणारा ड्रोन तिला जोडायचा तर मॅव्हरॉस नावाचा दुभाषा कामी येतो. रॉसच्या आवृत्त्यांची नावं मात्र कासवांवरून ठेवतात, २०१० च्या ‘बॉक्स टर्टल’पासून. उडणाऱ्या यंत्राशी कासवाचं काय नातं, ते ठेवणाऱ्यांनाच ठाऊक.

नाशिककरांनी पट्टी सरकवण्याआधी वरचं आभाळ कुणाचं आहे ते बघावं. ओझरला एचएएलचा कारखाना आणि विमानतळ. तिथूनच १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान उडालं. देवळालीत तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. २०२१ च्या नियमांनुसार हरित पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत उडवता येतं. त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. सरकारी नकाशा डिजिटल स्कायवर आहे. परदेशी व्हिडिओ बघून ड्रोन-टॅबमधले निरोप वाहणारा ९१५ मेगाहर्ट्झचा टेलिमेट्री रेडिओही मागवू नका. आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ च्या आसपासचा आहे.

फवारणीचं म्हणाल तर कांद्याच्या उघड्या वावरात ड्रोन राजा. टॅबवर बोटाने वावराचे कोपरे दाखवले, की तो या बांधापासून त्या बांधापर्यंत पाळ्या घालतो. दहा लिटरच्या टाकीत साधारण एकरभर काम होतं, आणि टाकी मध्येच संपली तर कुठे थांबलो ते लक्षात ठेवून पुन्हा तिथूनच सुरू करतो. द्राक्षाच्या मांडवावर मात्र हाच राजा अडखळतो. औषध पडतं वरून, घड लोंबतात खाली आणि डाऊनी रोग बसतो पानाच्या खालच्या अंगाला! पंख्यांच्या वाऱ्याने थोडं औषध आत शिरतं, पण मांडव दाट असला की वरची पानंच ते झेलतात. त्यामुळे बागायतदाराने ट्रॅक्टरमागचा ब्लोअर विकायची घाई करू नये, असं माझं मत.

टॅबचे हाल वेगळेच. एप्रिलच्या उन्हात पडदा दिसत नाही आणि टॅब तापून रुसतो. द्राक्षपेटीचा पुठ्ठा कापून त्याला झापड करा. शिवारात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. बोटं कोरडी हवीत, नाहीतर पट्टी सरकता सरकत नाही. आणि टॅबमध्ये सिम असेल तर ते काढूनच ठेवा. ड्रोन वावराच्या पार टोकाला असताना नेमका सोयऱ्यांचा व्हिडिओ कॉल येतो.