चाकांवरील घराची गळकी तोटी

घरांतील तोटी गळूं लागली म्हणजे आपल्याकडे प्रथम तिच्याखालीं बादली ठेवण्यांत येते आणि मग सवडीनें नळवाल्यास बोलावणें धाडलें जातें. बादली भरते, पाणी झाडांना जातें, आणि आठ दिवस सहज निभतात. परंतु घरच चाकांवर असेल, पाण्याची टाकी त्याच्याच पोटांत असेल, आणि जवळपास नळवालाच काय पण वस्तीहि नसेल, तर त्या टपटपणाऱ्या थेंबाची गोष्ट निराळी होते. अशा घराच्या तोटीविषयीं आमच्या विद्यार्थिवाचकांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोटारघर म्हणजे मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेलें घर. निजावयाची जागा, जेवणाचें मेज, शेगडी, न्हाणी आणि स्वयंपाकाचें सिंक हें सर्व त्यांत असतें. केवळ हौसेखातर अशा फिरत्या घरांतून हिंडण्याचा पायंडा इंग्लंडांत डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स ह्यांनीं पाडला. हे गृहस्थ मूळचे आरमारांतील वैद्य. पुढें ते मुलांसाठीं साहसकथा लिहूं लागले. इ. स. १८८५ सालीं त्यांनीं 'वाँडरर' नांवाचा घोड्यांचा गाडा ब्रिस्टल येथें बांधवून घेतला व त्यांत बसून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. मागाहून घोडे गेले, यंत्र आलें, आणि त्याच्याबरोबर टाकी, पंप व तोटी हीं आलीं. महाराष्ट्र शासनानेंहि इ. स. २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. तेव्हां हा विषय आपल्यास अगदींच परका राहिलेला नाहीं. तथापि येथें आम्ही ब्रिटनमधील मोटारघर डोळ्यांपुढें ठेवून लिहीत आहों, कारण ह्या तोटीचा मोठा वैरी जो कडक हिंवाळा, तो तेथें खरा भेटतो.

थोडा हिशेब करूं. वीस थेंबांचें सुमारें एक मिलिलिटर पाणी होतें. दर सेकंदास एक थेंब पडला, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सव्वाचार लिटरांहून किंचित् अधिक पाणी जातें. मोटारघराची टाकी बहुधा शंभर लिटरांच्या आसपास असते. चार माणसांनीं त्यांत स्वयंपाक, भांडीं व स्नान उरकावयाचें, तेथें हा चोर लहान नव्हे. पण पाणी जाणें हें त्यांतल्या त्यांत हलकें नुकसान होय. थेंब सिंकमध्यें पडला तर तो सांडपाण्याच्या टाकींत जातो, आणि ती टाकी योग्य जागीं रिकामी करतां येते. तोच थेंब तोटीच्या बुडाशीं, सिंकखालच्या अंधाऱ्या कपाटांत पडत असेल, तर तो जमिनीच्या फळ्यांत मुरतो. जुन्या मोटारघरांच्या भिंतींत व जमिनींत पुष्कळ लाकूड असतें, आणि तें वरून झांकलेलें असल्यामुळें त्याचें कुजणें दिसत नाहीं. पायाखालीं जमीन मऊ लागूं लागली म्हणजे घरमालकाच्या ध्यानीं येतें. मग तोटीच्या किंमतीच्या कित्येक पट रक्कम सुताराच्या हातीं जाते. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, दिसणाऱ्या थेंबापेक्षां न दिसणाऱ्या थेंबाचा शोध आधीं करावा.

हा शोध करावयाचा तर ह्या घरांतील पाणी तोटीपर्यंत कसें चढतें हें समजलें पाहिजे. आपल्या घराची टाकी गच्चीवर असते व पाणी आपल्या भारानें खालीं येतें. मोटारघराची टाकी जमिनीच्या पातळीला किंवा तिच्याहि खालीं असते. तेथून पाणी वर आणण्यास बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप लागतो. ह्या पंपाच्या दोन पद्धति आहेत. पहिलींत पंप टाकीच्या पाण्यांत बुडवून ठेवलेला असतो, आणि तोटीच्याच अंगांत एक इवलासा स्विच बसविलेला असतो. तोटी उघडली कीं स्विच लागतो व पंप घुमूं लागतो. तोटी मिटली कीं तो थांबतो. दुसऱ्या पद्धतींत पंप टाकीच्या बाहेर असतो आणि त्याला पाण्याचा दाब ओळखणारा स्विच जोडलेला असतो. नळ्यांत दाब पुरेसा झाला कीं पंप आपोआप बंद होतो, दाब उतरला कीं पुन्हा चालू होतो.

ह्या भेदावरून पुष्कळ कांहीं कळतें. दुसऱ्या पद्धतीच्या गाडींत नळ्यांतील पाणी सदोदित दाबाखालीं असतें. त्यामुळें तोटी थोडी जरी गळत असली तरी दाब हळूहळू उतरतो, आणि मध्यरात्रीं सर्व निजलेलीं असतां पंप एकदम 'घुर्र' करून क्षणभर चालतो व गप्प होतो. कांहीं वेळानें पुन्हा तेंच. तोटींतून एकहि थेंब पडतांना दिसत नसेल आणि पंप मात्र असा दचकून उठत असेल, तर बहुतेक वेळां पाणी कोठें तरी आडून पाझरत आहे असें समजावें. पहिल्या पद्धतींत हा इशारा मिळत नाहीं. तेथें पंप थांबला कीं दाबहि गेला; म्हणून बंद तोटी एकसारखी ठिबकत राहणें सहसा घडत नाहीं. तशा गाडींतली गळती पाणी चालू असतांनाच होते, आणि तीहि बुडाशीं. तोटी मिटल्यावरहि पंप घुमतच राहिला, किंवा तोटी उघडूनहि घुमेना, तर तोटीच्या आंतील स्विचांत ओल शिरली असण्याचा संभव फार. आमच्या मतें हें लक्षण ओळखणें पाना हातीं धरण्याहून महत्त्वाचें आहे.

आतां प्रत्यक्ष शोध. सिंकखालचें कपाट रिकामें करावें. तोटी, नळ्या व सांधे फडक्यानें अगदीं कोरडे पुसावे. मग प्रत्येक सांध्याखालीं टीपकागदासारखा पातळ कागद ठेवून एकानें तोटी उघडावी व दुसऱ्यानें विजेरी घेऊन खालीं पाहावें. पाणी लबाड असतें; तें एका ठिकाणीं निघतें, नळीवरून वाहत जातें आणि भलत्याच ठिकाणीं टपकतें. म्हणून कागदावरचा सर्वांत वरचा ओला डाग शोधावा, खालचा नव्हे.

तोटीच्या पोटांत काय असतें, तें विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्याजोगें आहे. आपल्या मोरीवरील साधी फिरकीची तोटी इंग्लंडांतील रॉदरहॅम येथें इ. स. १८४५ च्या सुमारास प्रचारांत आली. तिच्यांत आट्यांचा दांडा खालीं उतरतो आणि त्याच्या टोंकाचा वॉशर पाण्याचें भोंक दाबून धरतो. हा वॉशर पूर्वीं कातड्याचा असे, आतां रबराचा असतो. अमेरिकेंत अल् मोएन नामक तरुणाचा हात दोन चाव्यांच्या तोटीच्या कढत पाण्यानें पोळला, आणि गरम व गार पाण्यास एकच दांडी असावी असें त्याच्या मनानें घेतलें. त्याची तोटी इ. स. १९४७ सालीं बाजारांत आली. मोटारघरांत बहुधा अशी एकदांडी तोटीच असते. तिच्यांत वॉशर नसून कार्ट्रिज नांवाची डबी असते, व पुष्कळदां त्या डबींत चिनी मातीसारख्या अतिकठीण द्रव्याच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकत असतात. छिद्रासमोर छिद्र आलें कीं पाणी वाहतें. ह्या चकत्या वर्षानुवर्षें टिकतात. पण वाळूचा एक कण मध्यें सांपडला कीं त्यांवर ओरखडा उठतो आणि थेंब सुरू होतो. गळतें म्हणजे वॉशरच गेला, असें ठासून सांगणारे लोक आपल्याकडे फार. अशा तोटींत तो बिचारा नसतोच.

मोटारघराच्या तोटीस आणखी एक सोय दिलेली असते, तीच तिचें दुखणेंहि होते. सिंकवर झांकण बसावें म्हणून कित्येक तोट्या आडव्या मुडपतां येतात. त्या मुडपणाऱ्या सांध्यांत रबराचें बारीक कडें असतें. रोजच्या उठबशीनें तें झिजतें, आणि पाणी तोंडांतून येण्याऐवजीं मानेंतून पाझरतें.

हिंवाळ्याची गोष्ट याहून कठोर आहे. पाण्याचें बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. टाकी रिकामी केली, पण तोटीच्या पोटांत घोटभर पाणी राहिलें, तर एका रात्रींत प्लास्टिकची डबी तडकते. ती चीर डोळ्यांस दिसतहि नाहीं. वसंतांत पहिल्या सहलीच्या दिवशीं पंप लावल्यावर ती बोलूं लागते. यासाठीं थंडीपूर्वीं सर्व पाणी काढून टाकावें, तोट्या उघड्याच ठेवाव्या, आणि एकदांडी तोटीची दांडी बरोबर मधोमध ठेवावी, म्हणजे गरम व गार अशा दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

दुरुस्ती फारशी अवघड नाहीं, पण क्रम चुकवूं नये. प्रथम पंपाची वीज बंद करावी. तळावरील नळाची नळी गाडीस जोडली असेल तर तीहि काढावी. पाणी तापविण्याचें यंत्र बंद करून तें निवूं द्यावें. हें सोडून केलेली घाई हात भाजविते. नंतर तोटी उघडून उरलेला दाब घालवावा. सिंकच्या भोंकांत फडकें कोंबावें, कारण लहान स्क्रू तेवढीच वाट शोधीत असतो. दांडीवरील रंगीत टिकली उचलली कीं खालीं स्क्रू दिसतो. तो काढून दांडी वर ओढावी, चाकी सोडवावी व कार्ट्रिज बाहेर घ्यावें. तीं ३५ मिलिमिटर, ४० मिलिमिटर अशा निरनिराळ्या मापांचीं असतात. म्हणून जुनेंच दुकानांत नेऊन दाखवावें. स्विचाच्या तारा असल्यास त्या कशा जोडल्या होत्या, त्याचें छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून ठेवावें. बसविण्यापूर्वीं आंतील क्षार व कण पुसावे; रबरी कड्यांस पिण्याच्या पाण्यास चालणारें सिलिकोनचें ग्रीस बोटानें लावावें. खनिज तेल लावूं नये, कांहीं जातींचें रबर त्यानें फुगतें. चाकी हातानें आवळून मग पान्यानें थोडीशीच फिरवावी. प्लास्टिकच्या आट्यांवर बळ दाखविणारा मनुष्य नवी गळती विकत घेतो. अंगालाच चीर असेल तर डिंक, लांबी वगैरे उपचार आम्ही सांगत नाहीं. तोटी सबंध बदलावी.

एका फसव्या थेंबाचा उल्लेख राहिला. पाणी तापवीत असतांनाच तोटी ठिबकत असेल आणि एरवीं नसेल, तर ती नादुरुस्त आहे असें लगेच म्हणूं नये. दहा लिटर पाणी १५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापविलें तर तें सुमारें दोनशें मिलिलिटरांनीं फुगतें, आणि त्या पाण्यास कोठें तरी वाट लागते. पुष्कळ गाड्यांत तें सुटकेच्या झडपेंतून गाडीखालीं पडतें. तेथला ओला डाग पाहून घाबरण्याचें कारण नसतें.

काम झाल्यावर पंप लावून दोन्ही बाजूंचें पाणी सोडून पाहावें, आणि कपाटांत कोरडा कागद अंथरून रात्र जाऊं द्यावी. त्यानंतर दहा-वीस मैल गाडी चालवून कागद पुन्हा तपासावा, कारण उभ्या घरांत जे सांधे घट्ट राहतात तेच रस्त्याच्या हादऱ्यांनीं सैल होतात. तेव्हांहि कागद कोरडा निघाला, तर बाहेर काढून ठेवलेले डबे व भांडीं कपाटांत परत लावण्यास हरकत नाहीं.