कोणाच्या हद्दीत, कोणाच्या वहीत? : रानात बेपत्ता झालेल्यांची सरकारी नोंद (लेखांक ५)

अमेरिकेत सुमारे ६४ कोटी एकर जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. महाराष्ट्रासारखी आठ राज्ये तिच्यावर मांडली तरी थोडी जागा उरेल. तिचा बहुतेक भाग पश्चिमेकडच्या राज्यांत आणि अलास्कात पसरलेला आहे. ही सगळी जमीन एका खात्याकडे नाही. जवळपास साडेचोवीस कोटी एकर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट सांभाळतो आणि एकोणीस कोटींहून अधिक एकरांची राखण वनसेवा करते. उरलेल्यापैकी मोठा वाटा राष्ट्रीय उद्यान सेवा आणि वन्यजीव सेवा यांच्याकडे आहे. एकट्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ठिकाणांना २०२४ मध्ये ३३ कोटींहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. आलेली माणसे संध्याकाळी परततात. वाट चुकलेलीही बहुधा एक-दोन दिवसांत सापडतात. काही मात्र कधीच सापडत नाहीत. त्यांची संख्या किती, हे सांगणारी एकत्रित अधिकृत यादी निघालेली नाही. पत्रकार जॉन बिलमन यांनी २०१७ मध्ये ‘आउटसाइड’ मासिकात किमान १,६०० असा आकडा मांडला आणि तोही सावध अंदाज असल्याचे सांगितले. माणसांच्या शिरगणतीचा असा अंदाज एका पत्रकाराला बांधावा लागतो, यातच सरकारी व्यवस्थेची स्थिती कळते.

पहिला गुंता हद्दीचा आहे. राष्ट्रीय उद्यानात हरवलेल्याचा शोध उद्यानाचे रेंजर घेतात. त्याला लागून असलेल्या राष्ट्रीय वनात मात्र ही जबाबदारी बहुतेक वेळा काउंटीच्या शेरीफवर येते, म्हणजे निवडून आलेल्या स्थानिक पोलीसप्रमुखावर. शेरीफकडे मनुष्यबळ तुटपुंजे असते आणि त्याची शोधपथके मुख्यतः स्वयंसेवकांची असतात. उद्यानांतही सरसकट एकच नियम नाही. यलोस्टोनमध्ये पूर्णतः केंद्राचा अंमल चालतो, काही उद्यानांत केंद्र आणि राज्य दोघांचा चालतो, तर काही ठिकाणी केंद्र जमिनीचे नुसते मालक असते आणि गुन्ह्याचा तपास स्थानिक पोलिसांकडे असतो. डोंगराच्या एका उतारावर चुकलेला माणूस दुसऱ्या उतारावर उतरला, तर त्याची फाइल कोणाच्या टेबलावर जायची याचा निर्णय नकाशावरच्या रेषेने होतो. खात्यांची नोंदप्रणालीही वेगवेगळी आहे. उद्याने ज्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या अखत्यारीत येतात त्याची ‘आयमार्स’ नावाची प्रणाली आहे, तर वनसेवा कृषिखात्याची असल्याने तिची प्रणाली निराळी.

हद्दीच्या वर देशपातळीवरच्या दोन वह्या येतात. एफबीआयच्या एनसीआयसी या माहितीकेंद्रात बेपत्ता व्यक्तींची स्वतंत्र फाइल १९७५ पासून आहे. ती फक्त पोलीस आणि तत्सम यंत्रणांना पाहता येते. तिच्यात दरवर्षी पाच लाखांवर नव्या नोंदी पडतात आणि त्यांतल्या बहुतेक माणूस सापडल्यावर रद्द होतात. प्रत्येक नोंद सहांपैकी एका वर्गात घालावी लागते: अल्पवयीन, दिव्यांग, धोक्यात असलेली व्यक्ती, इच्छेविरुद्ध नेलेली व्यक्ती, आपत्तिग्रस्त आणि इतर. पायवाट सोडून भरकटलेला भटक्या यांतल्या कोणत्याच वर्गात नीट बसत नाही. लिहिणाऱ्याच्या कलाप्रमाणे त्याला ‘धोक्यात’ किंवा ‘इतर’ यांत ढकलले जाते. त्यामुळे पुढे कोणी सरकारी रानात हरवलेल्यांची यादी मागितली, तर ती वेगळी काढायला धागाच उरत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची नोंद ताबडतोब घेण्याची सक्ती केंद्राने १९९० च्या कायद्याने केली आणि २००३ मध्ये ती एकवीस वर्षांखालील तरुणांपर्यंत वाढवली. त्यापुढच्या वयासाठी केंद्राची सक्ती नाही, आणि एकट्याने डोंगरात जाणारे बहुतेक जण त्याच वयाचे असतात.

दुसरी वही ‘नेमअस’. न्यायखात्याच्या संशोधन संस्थेने ती २००७ पासून उभी केली. तिच्या एका बाजूला बेपत्ता माणसे असतात, दुसऱ्या बाजूला ओळख न पटलेले मृतदेह, आणि दोन्हींची जुळणी करून पाहता येते. बराचसा भाग सर्वांसाठी खुला असल्याने नातेवाईकही नोंद सुचवू शकतात. (आपल्याकडेही पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद वेगळी आणि बेवारस प्रेताची अकस्मात मृत्यूची नोंद वेगळी असते. दोन्हींची गाठ पडेपर्यंत घरच्यांना चार ठाण्यांचे उंबरे झिजवावे लागतात.) प्रौढांची नेमअसमध्ये नोंद करणे काही राज्यांनी सक्तीचे केले आहे, बाकी ठिकाणी ते ऐच्छिक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या ‘बिलीज लॉ’ने या प्रणालीला कायद्याचा आधार दिला आणि एनसीआयसीशी माहितीच्या देवाणघेवाणीची तरतूद केली. सुधारणेचे हे मोठे पाऊल खरे, पण माणूस कोणाच्या जमिनीवर हरवला या प्रश्नाला त्याने हात घातलेला नाही.

असा रकाना वाढवणे अवघड नसते, हे नेमअसनेच दाखवून दिले आहे. आदिवासी स्त्रिया बेपत्ता होण्याचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा गेल्या दशकाच्या अखेरीस व्यक्तीची जमात आणि ती आदिवासी भूमीवरून बेपत्ता झाली का, हे विचारणारे रकाने त्यात आले. त्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सव्हाना कायदा’ झाला आणि अशा प्रकरणांत केंद्र, राज्य व जमातींच्या पोलिसांनी कसे वागायचे याची कार्यपद्धती ठरवणे न्यायखात्याला भाग पडले. उद्याने आणि वनांसाठी हाच मार्ग मोकळा आहे.

या बाबतीत सर्वांत पुढे गेलेली नोंद वॉशिंग्टनमध्ये सापडत नाही. ती ॲरिझोनातल्या एका काउंटीत आहे. मेक्सिकोच्या सीमेवरून वाळवंट तुडवत येणारे स्थलांतरित तिथे उन्हाने आणि तहानेने मरतात. कित्येकांचे अवशेष ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारक किंवा कबेझा प्रिएटा अभयारण्य अशा सरकारी जमिनीवर मिळतात. पिमा काउंटीचे शवचिकित्सक कार्यालय आणि ‘ह्यूमेन बॉर्डर्स’ ही संस्था मिळून त्यांचा खुला नकाशा चालवतात. त्यात प्रत्येक मृत्यूची एक ओळ असते. अक्षांश-रेखांश, ते कितपत अचूक आहेत, मृत्यूचे कारण, देहाची अवस्था, मृत्यूला साधारण किती काळ लोटला, आणि ती जमीन कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, असे सगळे त्या ओळीत येते. ओळख पटलेली नसेल तरी ओळ असतेच. हजारो ओळींच्या या यादीतून कोणत्या पट्ट्यात आणि कोणत्या महिन्यांत माणसे मरतात हे कोणालाही काढता येते, आणि पाण्याची पिंपे कुठे ठेवायची हे ठरवायला तिचा उपयोग होतो. जे एका शवागाराला जमले ते केंद्रीय खात्यांना जमू नये, याचे पटण्याजोगे कारण दिसत नाही.

मृतदेहांपेक्षा बेपत्तांची नोंद नाजूक असते, कारण तिचा आरंभच धूसर असतो. पायवाटेच्या तोंडाशी एखादी गाडी चार दिवस हललेली नसते, रेंजर तिचा क्रमांक टिपतो आणि तिथून चौकशीला सुरुवात होते. मुक्कामाचा परवाना घेतलेला असेल तर बेत कळतो. नसेल तर रान कुठून धुंडाळायचे हाच प्रश्न. १९६९ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये एका लहान मुलाच्या शोधासाठी सुमारे १,४०० माणसे उतरली. त्यांच्याच पावलांनी मागमूस पुसले गेले असावेत, असे नंतर मानले गेले. मूल सापडले नाही, पण शोध शिस्तीने आखला पाहिजे हा धडा उद्यान सेवेने त्यातून घेतला. पुढे रॉबर्ट कोस्टर यांनी अनेक देशांतल्या शोधमोहिमांची माहिती जमवून कोणत्या प्रकारचा माणूस किती अंतरावर, कोणत्या भूभागात सापडतो याची कोष्टके २००८ मध्ये पुस्तकरूपाने दिली. आज शोधपथके ती वापरतात. म्हणजे हरवलेल्यांची नीट ठेवलेली नोंद पुढच्याचा जीव वाचवते. सापडलेल्यांची माहिती मात्र जितकी गोळा झाली आहे, तितकी न सापडलेल्यांची झालेली नाही.

मोठा शोध आठ-दहा दिवसांनी आवरता घेतात. उद्यानाच्या भाषेत तो ‘मर्यादित, पण चालू’ अवस्थेत जातो. रेंजर गस्तीवर असताना नजर ठेवतात, इतकाच त्याचा अर्थ. नंतर बदल्या होतात, शेरीफ निवडणुकीत पडतो आणि फाइल कपाटात जाते. १९९६ मध्ये किंग्ज कॅनियनमध्ये एक अनुभवी रेंजरच बेपत्ता झाला. पाच वर्षांनी त्याचे अवशेष पायवाटांची दुरुस्ती करणाऱ्या कामगारांना सापडले, आणि त्या बाजूला मूळ मोहिमेतली पथके जाऊन आलेली होती. कोणते पथक कुठून चालले, काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले, हे जीपीएसच्या रेषांसह जपले तर दुसऱ्या फेरीची दिशा बदलता येते. आज या रेषा टिपल्या जातात, पण त्या बहुधा मोहिमेच्या संगणकातच राहतात.

सुधारणेचा आराखडा या सगळ्यातूनच निघतो. सरकारी जमिनीवर बेपत्ता झालेल्या प्रत्येक व्यक्तीची, वय कितीही असो, ठरावीक मुदतीत एनसीआयसी आणि नेमअस दोन्हींत नोंद सक्तीची हवी. जमीन कोणत्या खात्याची, शेवटचे ठिकाण कोणते, परवाना होता का, हे रकाने त्यात हवेत. शोध कोणीही घेवो, फाइलचा धनी म्हणून एका अधिकाऱ्याचे पद ठरलेले असावे आणि वर्षातून एकदा त्याने ती उघडून पाहावी. जवळच्या नातेवाइकांचे डीएनए नमुने लगेच घ्यावेत. जुळणीत घाई मात्र धोक्याची असते. चित्रकार एव्हरेट रूस १९३४ मध्ये युटाच्या दऱ्यांत नाहीसा झाला. कोम्ब रिजवर सापडलेली हाडे त्याचीच, असे २००९ मध्ये डीएनएच्या आधारे जाहीर झाले, आणि त्याच वर्षी सैन्यदलाच्या प्रयोगशाळेने ते खोडून काढले. दुसऱ्या प्रयोगशाळेची खातरजमा हा खर्चिक उपचार वाटला तरी टाळू नये.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खासगीपणाचा: काही माणसे स्वेच्छेने दूर जातात आणि प्रौढ व्यक्तीला तो हक्क आहे. म्हणून खुल्या यादीत घरचा तपशील न देता जागा, तारीख आणि वर्णन पुरे. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि त्यात तथ्य आहे. मनुष्यबळाची ओरड उद्यानांत नेहमीचीच. पण यादी नसल्याचीही किंमत मोजावी लागते. रिकाम्या जागेत एका माजी पोलिसाने ‘मिसिंग ४११’ नावाची पुस्तकमाला काढली, आणि ओढ्यात घसरलेल्या माणसांभोवती गूढ शक्तींच्या कथा विणल्या गेल्या. उद्यान सेवेची तपासशाखा आपल्या काही न उलगडलेल्या प्रकरणांची यादी संकेतस्थळावर देते. तिची व्याप्ती सर्व उद्यानांपर्यंत आणि मग वनसेवेपर्यंत वाढवणे ही स्वस्तातली सुरुवात ठरेल. १९७५ पूर्वीची प्रकरणे मात्र कागदांतच आहेत: उद्यानांच्या दप्तरखान्यात, काउंटीच्या तळघरांत आणि जुन्या वर्तमानपत्रांत. ती संगणकात भरण्यासाठी वेगळी तरतूद आणि माहितगार माणसे लागतील.