‘हलका आहे, उडून जातो’

फुकुशिमाच्या स्फोटांना 15 वर्षं झाली. त्या निमित्ताने भरलेल्या एका चर्चासत्रात ग्रीन हायड्रोजनचे एक उत्साही वक्ते म्हणाले, ‘हायड्रोजन हलका आहे, गळला तरी उडून जातो.’ टाळ्याही पडल्या. हेच वाक्य मी ऐंशीच्या दशकात आमच्या कारखान्यातल्या साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं.

वायूंच्या स्फोटांच्या शास्त्राचा जुना इतिहास मला कधीच फारसा रमवू शकला नाही. 1881 साली फ्रान्समध्ये नळीतल्या ज्वालेचं डिटोनेशन, म्हणजे आवाजाहून वेगाने धावणारा स्फोट, होतं हे कळलं, चॅपमन आणि जुगे यांनी त्याचा वेग गणितात बसवला, श्चोल्किनने नळीत तारेचं वेटोळं घालून ज्वाला पिसाळवून दाखवली. श्चोल्किनचा तेवढा भाग मजेचा, बाकी परीक्षेपुरतं.

खरी गंमत सुरू झाली ती 28 मार्च 1979 नंतर. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीभोवतीच्या घुमटात त्या दुपारी हायड्रोजन पेटला आणि दाबाच्या आलेखावर एक उभी रेघ उमटली. घुमट टिकला. पुढच्या खेपेला टिकेल का, या धास्तीपोटी मोठ्या प्रयोगांना पैसा सुटला. सँडिया प्रयोगशाळेने तर काँक्रीटचा 30.5 मीटर लांबीचा बोगदाच बांधला, नाव ‘फ्लेम’. त्यात आडव्या आडकाठ्या लावून मिश्रण पेटवलं, तेव्हा अवघ्या 15 टक्के हायड्रोजनलाही डिटोनेशन झालं. इतक्या विरळ मिश्रणाकडून ही अपेक्षा कुणाचीच नव्हती.

कारण साधं आहे. ज्वाला पुढचा वायू ढकलते. तो अडथळ्यांवरून घुसळतो. घुसळलेल्या वायूत ज्वालेला घड्या पडतात, जळणारा पृष्ठभाग वाढतो, ढकलणं आणखी वाढतं. पुढे आघातलाटा उठतात, एखाद्या कोपऱ्यात वायू एकदम तापतो आणि सेकंदाला काही मीटरने निघालेली आग जवळपास दोन किलोमीटरचा वेग गाठते. काजळी धरलेल्या पत्र्यावर डिटोनेशन आपली नक्षी सोडून जातं, माशाच्या खवल्यांसारखी. हवेत हायड्रोजन 30 टक्क्यांच्या आसपास असताना हा खवला दीडेक सेंटिमीटरचा. मिश्रण विरळ होत गेलं की वीतभर, हातभर. हातभर खवला बोटभर नळीत मावत नाही, म्हणून नळी म्हणते ‘धोका नाही’. मोठ्या खोलीत तो खुशाल मावतो.

आमच्या कारखान्यात हायड्रोजन कॉम्प्रेसरची उघडी शेड होती. झड आत येते म्हणून एका पावसाळ्यात तिला पत्रे ठोकले. आत पाइपांची दाटी, वर केबल ट्रे. मी सँडियाचे आकडे घेऊन गेलो. साहेब म्हणाले, ‘डिटेक्टर आहे, छताला फटही आहे.’ त्याच बोगद्यात असंही दिसलं होतं की मिश्रण तेज असेल, तर वरची लहानशी फट वायू घुसळून दाब उलट वाढवू शकते. पण ते ऐकायला वेळ कुणाला? शेडला काही झालं नाही, म्हणून साहेब बरोबर ठरले. बढतीही मिळाली.

फुकुशिमात भट्टीभोवतीच्या कवचात नायट्रोजन होता; बाहेरच्या इमारतीत मात्र साधी हवा. हायड्रोजन झिरपला तो तिथेच. चौथ्या भट्टीत तर इंधनही नव्हतं; तिसरीचा वायू सामायिक नळातून तिच्या इमारतीत गेला आणि 15 मार्च 2011ला तीही फुटली. ‘उडून जातो’वाल्यांनी तो नळ एकदा बघावा.

आता बोगद्यात खरं पेटवून बघण्याची हौस ओसरली. संगणकावरची रंगीत चित्रं देखणी असतात, पण ज्वालेची जाडी मिलिमीटरहून कमी आणि इमारत कित्येक मीटरची. मधलं बरंच काही अंदाजाने भरावं लागतं. ते चित्राखाली कुणी लिहीत नाही.

2023 साली मंजूर झालेल्या आपल्या हायड्रोजन मिशनचं लक्ष्य 2030पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनक्षमतेचं आहे. जरूर गाठा. पण तुमच्या गावाशेजारी असा प्रकल्प आला, तर ‘किती टक्क्यांना अलार्म वाजतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. शेडचा नकाशा मागा, आत पाइप आणि ट्रे किती दाटीने बसवलेत ते बघा, आणि पावसाळ्यात पत्रे कोण ठोकणार आहे, तेही विचारा.