रोहिणीचे पाणी आणि गंगेचा करार

शाक्य आणि कोलिय ही गणराज्ये रोहिणी नदीच्या दोन तीरांवर वसली होती व एकाच बंधाऱ्याचे पाणी शेतीस वापरीत. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार एका वर्षी ज्येष्ठात पिके सुकू लागली. दोन्हीकडील कामकरी म्हणू लागले की, एका पाण्याने आमचे पीक हाती येईल, तेव्हा पाणी आम्हांस द्या. दोघांचेही म्हणणे खरे होते. पाणी मात्र दोघांना पुरणारे नव्हते. वाद पाण्यावरून कुळावर गेला, मारामारी झाली आणि राजे शस्त्रे घेऊन निघाले. तथागतांनी भांडणाचे कारण विचारले, तेव्हा राजांना ते सांगता आले नाही. अखेर दास व कामकरी यांनी ते सांगितले.

अट्ठकथेत हा प्रसंग बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणीचा तंटा सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. तेथे सिद्धार्थ शाक्य संघाला सुचवितो की, उभय पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. संघाने ही सूचना फेटाळली.

ती आजच्या राष्ट्रांनाही विचारात घेण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते. भारताने १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू केला. गंगेचे पाणी हुगळीत वळवून कलकत्ता बंदर गाळापासून वाचविणे, हा त्याचा हेतू. त्यामुळे बांगलादेशात उन्हाळी प्रवाह घटला व नैर्ऋत्य भागात खारेपणा वाढला. १२ डिसेंबर १९९६ रोजी उभय देशांत ३० वर्षांचा करार झाला. १ जानेवारी ते ३१ मे या काळात फराक्का येथील प्रवाह ७०,००० क्युसेक वा त्याहून कमी असल्यास तो निम्मा-निम्मा वाटावा, आणि ५०,००० क्युसेकच्या खाली गेल्यास तातडीने विचारविनिमय करावा, असे त्यात ठरले. अंमलबजावणीसाठी समसमान प्रतिनिधींची संयुक्त समिती नेमण्यात आली. समितीत न सुटलेला वाद संयुक्त नदी आयोगाकडे व तेथून पुन्हा दोन्ही सरकारांकडेच जातो.

म्हणजे येथे चौघे आहेत, पाचवा नाही. टंचाईच्या वर्षी दोघांचीही मागणी खरी असते, आणि नेमकी तेव्हाच पाचव्याची गरज भासते. कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. त्यानंतरच्या व्यवस्थेत उभयमान्य त्रयस्थाला स्थान मिळावे आणि दोन्ही देशांतील नदीकाठच्या शेतकऱ्यांचे, मच्छीमारांचे व मजुरांचे म्हणणे प्रथम ऐकले जावे. रोहिणीच्या काठीही तंट्याचे कारण कामकऱ्यांनाच ठाऊक होते.