जठरातील जंतू आणि बनावट हुकूम

जठराच्या आम्लात कोणताही सजीव तग धरू शकत नाही, हा सिद्धांत विसाव्या शतकातील वैद्यकाने इतक्या निःशंकपणे शिरोधार्य मानला होता की, त्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या पुराव्याची दखल घेण्याचीही फारशी कोणाला आवश्यकता वाटली नाही. जठरात नागमोडी जंतू पाहिल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अधूनमधून होत आल्या होत्या. परंतु १९५४ साली पामर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ११८० जणांच्या जठराचे तुकडे तपासून असा एकही जंतू आढळत नसल्याचा निर्वाळा दिला, आणि प्रकरण जवळजवळ तीस वर्षांपुरते दप्तरदाखल झाले. तुकडे रंगवण्याची त्यांनी योजलेली पद्धत हे जंतू दाखवण्यास अपुरी होती, ही गोष्ट पुष्कळ उशिरा ध्यानात आली. नाही म्हणणाऱ्या पुराव्याची चिकित्सा होय म्हणणाऱ्या पुराव्याइतक्या कसोशीने सहसा होत नाही, हा विज्ञानाच्या व्यवहारातील एक जुना दोष आहे.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरेन यांना १९७९ साली जठराच्या दाह झालेल्या अस्तरावर हे जंतू पुन्हा दिसले. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर पुढे त्यांच्या साहाय्यास आले, आणि १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत संवर्धनाच्या तबकड्या नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्यामुळे हा सावकाश वाढणारा जंतू प्रथमच प्रयोगशाळेत उगवून आला. हा जंतूच दाहाचे कारण आहे यावर जगाचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी जंतूंचा घोट स्वतःच घेतला आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या जठराचा दाह दाखवून दिला. ही कथा वृत्तपत्रांना फार आवडली, आणि ती आवडावी अशीच आहे. पण एका माणसाच्या पोटात दाह झाल्याने, याच जंतूमुळे जठराचा कर्करोगही होतो का, हे कोडे सुटत नाही. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूचा निःसंशय कर्ककारक द्रव्यांच्या वर्गात समावेश केला, तोही मुख्यतः लोकसंख्येच्या पाहणीवर विसंबून. जंतू नेमके काय करतो, हे उलगडण्यासाठी त्याचे जनुकीय दप्तर उघडावे लागले.

ते १९९७ साली अमेरिकेतील रॉकव्हिल येथील संशोधकांनी उघडले. १६ लाख ६७ हजार ८६७ अक्षरांचा हा जीनोम माणसाच्या सुमारे तीनशे कोटी अक्षरांपुढे क्षुल्लकच, आणि त्यात जनुके अवघी सुमारे १५९०. तथापि या लहानशा संहितेत त्या जंतूचे सारे जीवनचरित्र वाचता येते. युरियापासून अमोनिया निर्माण करून भोवतीचे आम्ल शमवणारे ‘यूरिएज’ नावाचे विकर हा तेथे जगण्याचा त्याचा परवाना होय. श्लेष्मल थरातून वाट काढण्यासाठी त्याला शेपट्यांची सामग्री आहे. जनुकांचे नियमन करणारी जनुके मात्र इतर जंतूंच्या मानाने फारच थोडी आढळतात. ज्याला शेजारी जवळजवळ नाहीतच, त्याला राजकारण तरी कशाला लागावे? उलट पृष्ठभागावरील प्रथिने घडवणाऱ्या काही जनुकांत एकच अक्षर किंवा अक्षरजोडी पुनःपुन्हा आलेली असते. नक्कल होताना तेथे चूक होणे सोपे असते, आणि अशा चुकांमुळे ही जनुके कधी चालू तर कधी बंद होऊन जंतूचे बाह्यरूप शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवीत पालटत राहते.

याच संहितेत सुमारे चाळीस हजार अक्षरांचा एक पट्टा असा आहे की, त्याची अक्षरांची धाटणी उर्वरित संहितेशी जुळत नाही. संपूर्ण संहिता उघडण्याच्या आदल्याच वर्षी, १९९६ साली, इटलीतील सिएना येथील संशोधकांनी त्याचे वर्णन केले, आणि अन्य कोणा जंतूकडून पूर्वी कधीतरी तो याच्या पदरी पडला असावा, असा निष्कर्ष त्या भिन्न धाटणीवरून निघतो. हा पट्टा प्रत्येक हेलिकोबॅक्टरपाशी नसतो. ज्याच्यापाशी असतो त्याच्या अंगी सुईसारखे एक यंत्र येते, आणि त्या यंत्राच्या द्वारे तो जठराच्या पेशीत ‘कॅगए’ नावाचे प्रथिन टोचतो.

यापुढची हकीकत मला या साऱ्या शास्त्रातील सर्वांत विलक्षण वाटते. कॅगए पेशीत शिरते तेव्हा ते निरुपद्रवी नसले तरी अपुरे असते. पेशीच्या पटलाखाली ‘सार्क’ कुळातील विकरे असतात; इतर प्रथिनांतील टायरोसिन या घटकावर फॉस्फेटचा अंश चढवून त्यांना कार्यास लावणे हा त्यांचा नित्याचा अधिकार. ती विकरे या उपऱ्या प्रथिनावरही तोच अंश चढवतात. मग असे शिक्कामोर्तब झालेले कॅगए ‘शिप-२’ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते, हे जपानमधील सापोरो येथे हाताकेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले. शिप-२ हे पेशीच्या वाढीचा आदेश आत पोचवणाऱ्या साखळीतील एक दुवा आहे. बाहेरून वाढीचा संदेश येईपर्यंत ते मिटलेल्या, निष्क्रिय अवस्थेत असते. कॅगए त्याला उघडते. परक्या मुलखातून आलेल्या बनावट हुकमावर कचेरीतील खऱ्या अंमलदाराने खरा शिक्का उमटवावा, आणि तो पाहून पुढच्या सर्व कारकुनांनी निमूटपणे अंमलबजावणी सुरू करावी, तसा हा प्रकार आहे. पेशी आखडून उभ्या राहण्याऐवजी लांबट होतात, विलग होतात, हलू लागतात. त्यातच ‘पार-१’ या दुसऱ्या एका प्रथिनाला कॅगए निकामी करते, तेव्हा पेशीचे वर-खालचे भानही हरपते आणि शेजारच्या पेशींशी असलेला सांधा सैल पडतो.

हे सारे तबकडीतील पेशींपुरतेच खरे असते तर शंकेला जागा राहिली असती. परंतु २००८ साली ज्या उंदरांच्या जीनोममध्ये कॅगएचे एकच जनुक घातले होते, जंतू मुळीच नव्हता, त्यांपैकी काहींना जठराचा कर्करोग झाला. आणि फॉस्फेट चढूच शकणार नाही असा बदल केलेले कॅगए ज्यांना दिले होते, त्या उंदरांत तो आढळला नाही. शिक्क्याशिवाय हुकूम चालत नाही, याचा याहून स्वच्छ दाखला मागू नये.

मात्र वाचकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. जगातील जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यांतील बहुसंख्यांना तो कधी जाणवतही नाही. जपानमध्ये १५२६ रुग्णांचा सरासरी ७.८ वर्षे मागोवा घेतला, तेव्हा जंतू असलेल्या १२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला आणि जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही. अर्थात जंतू पुरेसा नाही; परंतु तो जवळजवळ आवश्यक आहे. जपान-कोरियाकडील कॅगएचा शिप-२ ला धरणारा भाग पाश्चात्त्य वाणांतील त्याच भागापेक्षा अधिक घट्ट चिकटतो, आणि तिकडे या कर्करोगाचे प्रमाणही मोठे आहे. पण हिंदुस्थानात संसर्ग सार्वत्रिक असूनही, मिझोरमसारखा ईशान्येकडील मुलूख वगळल्यास, रोगाचे प्रमाण त्या मानाने कमीच राहिले आहे. आहार, मीठ, धूम्रपान, माणसाची स्वतःची जनुके, अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असावीत. एका जनुकावर सारा ठपका ठेवून मोकळे होण्याची जी घाई आजकाल दिसते, तिला ही वस्तुस्थिती चांगलाच पायबंद घालते.

कॅगएचे काम आरंभीचे असते. दीर्घकाळच्या दाहाने जठराच्या ग्रंथी झिजतात, त्यांच्या जागी आतड्यासारखे अस्तर येते, आणि अर्बुद प्रत्यक्ष उभे राहीपर्यंत उजाड झालेल्या त्या अस्तरातून जंतू बहुधा निघूनही गेलेला असतो. म्हणूनच उपचाराची वेळ महत्त्वाची. जठरातील एका विशिष्ट लसिका-अर्बुदाच्या सहा रुग्णांना केवळ प्रतिजैविके दिल्यावर पाच जणांचे अर्बुद ओसरल्याचे लंडनच्या डॉक्टरांनी १९९३ साली जाहीर केले, आणि कर्करोगावर जंतुनाशक औषध ही कल्पनाही जेव्हा हास्यास्पद वाटे, त्या काळात ते सिद्ध झाले. वॉरेन आणि मार्शल यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून प्रौढांची तपासणी करून जंतूचे निर्मूलन करण्यात आले, तेव्हा तेथील जठराच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

या यशाला एक धोका आहे, आणि तो आपल्याच हातचा आहे. या जंतूवर चालणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिन या मुख्य औषधाला दाद न देणारे वाण जगभर वाढले असून, २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने नवी औषधे तातडीने हवी असलेल्या जंतूंच्या यादीत त्यांचे नाव घातले. तेव्हा वर्षानुवर्षे आम्लपित्ताची तक्रार असणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या घरात जठराचा कर्करोग झाला आहे त्यांनी, श्वासाची किंवा शौचाची साधी तपासणी एकदा करून घ्यावी. जंतू आढळल्यास डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पूर्ण घ्यावे, आणि औषधांच्या दुकानातून आपल्याच मसलतीने प्रतिजैविकांच्या चार गोळ्या आणून खाण्याची वहिवाट आता सोडून द्यावी.