छाप आणि छापणे

पुण्याच्या नारायण पेठेतील गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली विकत घेतला आणि १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चे ते घर झाले. वर्तमानपत्राच्या अशा घरात 'प्रिंट' हा इंग्रजी शब्द पावलोपावली भेटायचाच. इंग्रजीत तो नामही आहे आणि क्रियापदही. रूप तेच, वाक्यातील जागेवरून त्याचे काम ओळखायचे.

मराठीत 'छाप' हे नाम; त्याला 'णे' जोडले की 'छापणे' हे क्रियापद झाले. परक्या शब्दांनाही मराठीने एके काळी हा मान दिला. अरबी-फारसीतून आलेल्या 'खर्च' व 'बदल' यांपासून 'खर्चणे' व 'बदलणे' ही क्रियापदे झाली. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत मात्र तिने हात आखडता घेतला आहे. 'प्रिंटणे' कोणी म्हणत नाही, 'प्रिंट करणे' म्हणतात.

तरीही पुढील दोन वाक्ये पाहा : 'तिने पानाची प्रिंट काढली', 'तिने पान प्रिंट केले'. पहिल्यात 'काढली' हे रूप स्त्रीलिंगी 'प्रिंट'प्रमाणे आले आहे. म्हणून तेथे ते नाम होय. दुसऱ्यात 'केले' हे रूप नपुंसकलिंगी 'पान' या शब्दाप्रमाणे आले, कारण तेथे 'प्रिंट' क्रियापदातच सामावला आहे.